डाळिंबी हँडल

"झाकण आहे," तो माणूस म्हणाला आणि इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेली वस्तू त्यानं माझ्या काउंटरवर ठेवली. ठेवताना इतकी जपून ठेवली, की मला वाटलं आत देव्हाऱ्यातला बाळकृष्ण असावा.

मी रुमाल उघडला. मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीवर बाहेरून असतं ते पत्र्याचं झाकण. रंग डाळिंबी. रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ मारून त्यात झाकणाचे स्क्रूसुद्धा बांधून आणलेले.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"गाडीचं काय काम?"

"रंग गाडीला लावायचाय ना?"

"रंग या झाकणासारखा पाहिजे. झाकण आणलंय."

कऱ्हाडात बसस्टँडमागं रंगाचं दुकान होतं, तिथं मी गाड्यांचे रंग मिसळायच्या मशीनवर होते. मशीनला कॉम्प्युटर जोडलेला. तो कंपनीचा मूळ रंग सांगायचा. पण गाडी चार उन्हाळे उन्हात उभी राहिली, की तिचा रंग कंपनीलाही ओळखू येत नाही. तिथून पुढचं काम डोळ्याचं आणि थेंबाथेंबाचं. मी झाकण उलटं केलं. आतली बाजू नवीकोरी, बाहेरची विटलेली.

"कुठला देऊ? गाडी घेतली तेव्हाचा, का आत्ताचा?"

त्यानं झाकण हातात घेतलं, दोन्हीकडून पाहिलं. माणूस साठीचा, अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मिशी कातरलेली. "आत्ताचा," तो म्हणाला. "खोटं वाटता कामा नये."

हे वाक्य मी लगेच टिपून ठेवलं. मला लहानपणापासून ही खोड आहे. माणूस समोर आला की मनात त्याचं खातं उघडायचं. एका बाजूला जमा, एका बाजूला नावे. 'खोटं वाटता कामा नये' हे कुठल्या बाजूला लिहावं ते मला पटकन कळेना.

"लावायचा कशाला?"

तो काउंटरवर वाकला. "बंपर, आरसे, दाराची हँडलं. काळं प्लॅस्टिक आहे सगळं. ते गाडीच्या रंगाचं करायचंय."

"म्हणजे साधं मॉडेल आहे, ते टॉप मॉडेल दिसायला पाहिजे."

"हळू बोल की पोरी!" त्यानं मागं वळून पाहिलं. मागं फक्त चुन्याची पोती होती.

तेव्हा असंच होतं. एकच गाडी, एकच इंजिन. पण साध्या मॉडेलचे बंपर आणि हँडलं काळीकुट्ट, आणि महागाच्या मॉडेलची गाडीच्या रंगाची. रस्त्यानं जाणाऱ्याला लांबूनच कळायचं की याचा हात कुठं आखडला ते.

"गाव कुठलं काका?"

"आष्टा."

"आष्ट्याहून सांगली सोडून इकडं?"

"सांगलीत रंगवली तर रंग वाळायच्या आत आष्ट्यात बातमी पोचेल. इथं मला कोण ओळखतंय?"

आष्टा म्हटल्यावर माझा हात जरा थबकला. पण आष्ट्यात काय एकच माणूस राहतो?

"कधी पाहिजे?"

"उद्यापर्यंत सगळं व्हायला पाहिजे. रविवारी ओगलेवाडीला जायचंय. मुलासाठी मुलगी बघायला."

ओगलेवाडी म्हणजे कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आहे तो भाग. मी तिथं राहत होते. आणि रविवारी आष्ट्याचे ढोले आमच्या घरी मला बघायला येणार होते.

मी मशीनकडं तोंड केलं आणि उगाचच डबा हलवत राहिले.

ढोल्यांच्या मुलाचा, सुहासचा, फोटो आठवडाभर माझ्या उशीखाली होता; माझा मात्र तिकडं पाठवलेला नव्हता. तो दूध संघाच्या प्रयोगशाळेत होता. गावोगावच्या दुधातलं पाणी शोधायचा. बाप साखर कारखान्यात वजनकाट्यावरून रिटायर झालेला, आणि त्यांच्या काट्याला कधी शेतकऱ्यानं नाव ठेवलं नाही, असं मध्यस्थ हिंदुराव आप्पा शपथेवर सांगत होते. म्हणजे बाप वजनाचा पक्का, मुलगा भेसळ पकडणारा, आणि दोघं येणार होते रंगवलेल्या गाडीतून.

"मग गाडी रंगवायची काय गरज काका?" मी पाठमोरीच विचारलं. "साध्या गाडीतून मुलगी दिसत नाही का?"

"माझं काय अडलं नव्हतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. "ते आमचे मध्यस्थ आहेत ना, त्यांनी मुलीकडं सांगून टाकलं, पाहुण्यांकडं टॉप मॉडेल गाडी आहे म्हणून. मला सांगितलं परवा. आता मी साधी गाडी घेऊन दारात उभा राहिलो, तर त्या माणसाचं तोंड काळं होणार. त्यापेक्षा गाडीचं तोंड रंगवलेलं बरं."

हे मात्र मी जमेला लिहिलं. जरा ठळकच.

"मुलगी काय करते?" मी विचारलं. हा प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"ऑफिसात असते म्हणे. कॉम्प्युटरवर. एसी ऑफिस."

मी वर पाहिलं. दुकानाच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, त्यामुळं तो फिरताना कण्हायचा. हिंदुराव आप्पांनी दोन्हीकडं सारखाच रंग मारला होता.

"नाजूक असणार," ढोले काळजीनं म्हणाले. "आमच्या घरी सगळी रांगडी माणसं."

"काका, एक अडचण आहे. प्लॅस्टिकवर रंग मारायच्या आधी त्याचा वेगळा प्रायमर मारावा लागतो. तो संपलाय. पुण्याहून सोमवारी येईल."

"म्हणजे वरातीमागनं घोडं."

"पत्र्याचा प्रायमर चालत नाही. नुसता रंग मारला तर दिसायला बसेल, पण धरणार नाही. कापडानं पुसलात तर चालेल. पाण्याचा जोर लागला की केळीच्या सालासारखा सुटेल."

"रविवार निघाला की झालं. सोमवारी सुटू दे."

त्यांच्यासमोरच मी रंग केला. मशीननं दिलेल्या डाळिंबीत काळ्याचा थेंब, मग पांढऱ्याचा, मग विटकरीचा. दर वेळी बोटानं झाकणाच्या कडेला लावून बघायचं, पुसायचं. ढोले शेजारी उभे राहून काट्याकडं बघावं तसे बघत होते. शेवटचं बोट लावलं आणि ते झाकणावर दिसेनासं झालं.

"अरे वा," ते म्हणाले. "कुठं लावलंस?"

ही दाद मला आवडली. त्यांनी गाडी आणली ती मागच्या गल्लीतून. आमच्या दुकानाशेजारी बाबालाल मुजावरची पेंटिंगची शेड होती, तिथं गाडी आत घेऊन ढोल्यांनी स्वतः पडदा ओढला. बाबालाल गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"काका, लग्न जुळवायला रंगवताय का मोडायला?"

"तू रंग मार रे बाबा."

"मारतो की. पण प्रायमर नाही म्हणताय. उद्या नवऱ्यामुलाच्या हातात हँडलाचं साल आलं तर माझं नाव घेऊ नका."

"तुझं नाव मला माहीत नाही आणि माझं तुला सांगितलेलं नाही," ढोले म्हणाले. "हिशेब बरोबर."

बाबालालनं पॉलिश पेपरनं प्लॅस्टिक घासायला घेतलं आणि ढोले बाजूच्या टायरवर बसून पेपर वाचू लागले. पेपर उलटा नव्हता, पण पान काही उलटत नव्हतं.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. एक तर गिऱ्हाईकाची गोष्ट दुकानात ठेवावी. दुसरं म्हणजे मला हे स्थळ हवं होतं. आधी येऊन गेलेल्यांतल्या एका बाईनं माझी नखं बघून आईला विचारलं होतं, "मुलगी रंगारी आहे का?" दुसऱ्यांनी सांगितलं होतं, लग्नानंतर हे रंगाबिंगाचं चालणार नाही. माझा त्या कामात जीव होता. इथं निदान बाप माझ्या शेजारी उभा राहून 'अरे वा' म्हणाला होता. पण जगाचा अनुभव असा, की ज्याची लबाडी आपल्याला माहीत आहे, तो माणूस आपल्याला सून करून घरात नेत नाही. रोज सकाळी चहाबरोबर साक्षीदार कोणाला पाहिजे असतो? दारात पाऊल टाकलं आणि मला ओळखलं, की ढोले काहीतरी निमित्त काढून उठणार, याची मला खात्री होती.

रविवार उजाडला. थिनरनं घासघासूनही माझ्या नखांतला डाळिंबी निघाला नाही.

"मेंदी म्हणून सांगू," आई म्हणाली.

"मेंदी नखाच्या आत लावतात का?"

"तू हात पदरात ठेव. आणि दुकानाचं काही काढू नकोस. आप्पांनी ऑफिस सांगितलंय."

त्या काळी लोडशेडिंग होतं. रविवारी जेवणवेळेपर्यंत आमच्याकडं लाईट नसायची. आई पाहुण्यांसाठी हातपंखे शोधत होती आणि वीज मंडळाचा उद्धार करत होती. मी मात्र मनातल्या मनात मंडळाचे आभार मानत होते. कारण सांगते. आमच्या तात्यांचं, म्हणजे वडिलांचं, घराला लागूनच गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर होतं. आणि आमच्या घरची रीत होती, की पाहुण्याला पाणी आणि पाहुण्याच्या गाडीलाही पाणी. आल्यागेल्याची गाडी धुतल्याशिवाय तात्या परत जाऊ देत नसत. सोयरा असो, शत्रू असो. त्यांची ती प्रेशरची गन म्हणजे वाळलेला चिखल काय, गाडीवरचा नंबरसुद्धा घाबरून निघावा. पण लाईट नाही म्हणजे पंप नाही. पंप नाही म्हणजे ढोल्यांची अब्रू शाबूत.

गाडी आली. मी खिडकीच्या फटीतून पाहिली. माझ्या तोंडून 'वा' गेलं. बंपर, आरसे, हँडलं, सगळं एकजीव. उन्हात गाडी डाळिंबासारखीच दिसत होती. पुढच्या सीटवरून हिंदुराव आप्पा उतरले आणि जणू गाडी त्यांनीच घरी बनवल्यासारखे तात्यांना म्हणाले, "बघा तात्या. टॉप मॉडेल!"

"झकास आहे," तात्या म्हणाले. "या पाव्हणं."

ढोले उतरले. दाराला हात न लावता उतरले. दार सुहासनं बाहेरून, दोन बोटांनी, अंडं धरावं तसं हँडल धरून उघडलं. म्हणजे मुलालाही माहीत होतं. फोटोत हसत होता तसाच तो आताही हसत होता, फक्त आज ओठ मिटून.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले. पहिला कप ढोल्यांपुढं केला.

त्यांनी आधी कपाकडं पाहिलं, मग माझ्या नखांकडं, आणि मग वर माझ्या तोंडाकडं. नखांत त्यांच्याच गाडीचा रंग होता. कप बशीत असा वाजला, की हिंदुराव आप्पा म्हणाले, "गरम आहे का?"

"नाही," ढोले म्हणाले. "चांगला आहे. म्हणजे असेल."

मी सगळ्यांना कप देऊन समोरच्या खुर्चीवर बसले, हात पदरात.

"आमची हेमलता," आप्पांनी सुरुवात केली. "ऑफिसात असते. अख्खं ऑफिस हिच्या कॉम्प्युटरवर चालतं. एसी असा, की उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते."

ढोल्यांना ठसका लागला. मी जमिनीकडं पाहिलं. दुकानाच्या पंख्याचं वाकलेलं पातं मला दिसायला लागलं आणि हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं मी लाजले.

"विचारा की पाव्हणं, काय विचारायचं ते," तात्या म्हणाले.

"मला नाही काही विचारायचं," ढोले म्हणाले. त्यांनी चहा एका घोटात संपवला होता आणि कप अजून हातात होता.

"काहीच नाही?" आईचा चेहरा उतरला. मुलगी बघायला आलेला माणूस काही विचारत नाही, याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो.

"सुहास, तू विचार," आप्पा म्हणाले.

सुहास माझ्याकडं वळला. "ऑफिसात रंग कुठला आहे? भिंतींना?"

आता मलाच ठसका लागायची पाळी. याला कसं कळलं? का सहज विचारलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हळूच फिरायला लागला.

"आली!" आई आनंदानं ओरडली. "लाईट आली! पायगुण बघा पाहुण्यांचा!"

सगळे वर बघत होते. मी तात्यांच्या खुर्चीकडं पाहिलं. ती रिकामी होती. आणि बाहेरून पंपाचा घुर्रर्र आवाज आला.

पुढं जे झालं ते आमच्या आळीत पुष्कळ दिवस सांगितलं जायचं. मुलगी बघायचा कार्यक्रम चालू असताना मुलगी खुर्चीवरून उठली, पदर खोचला, दोन पाहुण्यांच्या पायांवरून उडी मारली आणि ओरडत अंगणात धावली:

"तात्या, पाणी बंद करा! त्याला प्रायमर नाही!"

उशीर झाला होता. तात्यांनी पुढच्या बंपरवर धार धरली होती. डाळिंबी रंगाचा एक लांबच लांब पापुद्रा सुटून वाऱ्यावर झेंड्यासारखा फडफडत होता. खालून काळं प्लॅस्टिक, जसं कंपनीनं दिलं तसं, चकाकत होतं. तात्यांनी गन खाली केली. पंप अजून चालूच, पाणी त्यांच्याच चपलांवर.

माझ्यामागून सगळे बाहेर आले होते.

पहिले बोलले ते तात्या. "माझी चूक, पाव्हणं," ते हात जोडून म्हणाले. "पंपाचा जोर जास्त झाला. एवढ्या चांगल्या गाडीचं मी वाटोळं केलं. बंपर मी भरून देतो."

हिंदुराव आप्पांनी लगेच ती दोरी पकडली. "तेच म्हणतो मी! तात्या, अहो टॉप मॉडेल आहे ते, जरा जपून! असू दे, असू दे, पाहुणे मोठ्या मनाचे आहेत."

मी ढोल्यांकडं पाहिलं. आयती पळवाट समोर उघडी होती. मान हलवून 'असू दे' म्हटलं असतं, की त्यांची इज्जत, आप्पांची इज्जत, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त तात्या जन्मभर स्वतःला दोष देत बसले असते. मी मनात पक्कं केलं. हा माणूस आता 'असू दे' म्हणाला, तर सुहासचा फोटो आजच परत.

ढोल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"तात्या, हात सोडा," ते म्हणाले. "तुमचा पंप चांगला आहे. माझी गाडी साधी आहे. सगळ्यात साधं मॉडेल. परवा रंगवून आणली. मी काट्यावर इतकी वर्षं उभा राहिलो, पण आज मापात मीच मारलं."

आप्पा पायरीवर बसले. म्हणजे त्यांना बसावंच लागलं.

"तुमचा काही दोष नाही आप्पा," ढोले त्यांना म्हणाले, "तुम्ही बोललात ते आमच्या भल्यासाठीच." मग जरा थांबून, "पण जरा कमी बोललात तरी भलं होतं."

"ते असू दे," आप्पा सावरायला बघत होते. त्यांची नजर माझ्यावर आली. "पण काय गं, रंगाला प्रायमर नाही, हे तुला आत बसून कसं कळलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईनं डोळे मिटले.

"अहो, हुशार मुलगी आहे," ढोले घाईघाईनं म्हणाले. "एसी ऑफिसात बसते. अशा मुलींना... नुसत्या नजरेनं कळतं."

स्वतःचं खोटं नुकतंच धुऊन टाकलेला माणूस माझ्यासाठी दुसरं रचत होता, आणि इतकं वाईट रचत होता, की मला भरून आलं. त्या दिवशी मी त्यांचं खातं कायमचं बंद केलं. जमा बाजूला लिहायला जागा नव्हती.

मी हात पदरातून बाहेर काढले आणि पुढं धरले.

"मी ऑफिसात नाही," मी म्हणाले. "बसस्टँडमागं रंगाच्या दुकानात आहे. हा रंग मीच केलाय. आणि लग्नानंतरही मी हेच काम करणार आहे. कऱ्हाडात नाही तर सांगलीत."

"एसी?" ढोल्यांनी विचारलं. त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या.

"पंखा आहे. एक पातं वाकडं."

पहिल्यांदा कोण हसलं ते आता आठवत नाही. मला वाटतं तात्या. ते हसताना गन त्यांच्या हातात होती, त्यामुळं आप्पांचं धोतर भिजलं आणि मग कोणालाच थांबवेना. आई तेवढी पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "अहो, आधी पंप बंद करा, पाणी चाललंय."

हसणं ओसरल्यावर तात्यांनी हळूच सांगितलं, "मला ठाऊक होतं, पाव्हणं. दारात आलात तेव्हा तुम्ही काच हातानं फिरवून वर घेतलीत. टॉप मॉडेलला बटण असतंय."

"मग बोलला का नाही?"

"पाव्हण्याच्या गाडीचं मॉडेल बघायचं नसतं. चिखल बघायचा असतो."

ढोले म्हणाले, "म्हणजे चूक नव्हती हे माहीत असून हात जोडलेत?"

"जोडले तर काय झिजतात का?"

दोघं व्याही झाले ते खरं तर त्या वाक्याला. सुपारी वगैरे नंतर.

आतमध्ये मोठी माणसं तिथीचं बघू लागली. आई जेवणाचं बघायला गेली. सुहास अंगणात गाडीपाशी उकिडवा बसला होता आणि बंपरवरचा उरलेला रंग नखानं सोलत होता.

"असा अर्धवट ठेवून आष्ट्याला गेलो तर लोक विचारतील, गाडीला देवी आल्या काय," तो म्हणाला. "थोडी मदत करा. रंग तुमचाच आहे."

मी दुसऱ्या टोकाला बसले. ओला झालेला रंग छान निघत होता. एकदा कड सुटली, की हाताएवढा तुकडा एकसंध यायचा. लहानपणी वाळलेला डिंक बोटावरून सोलायचो, तसं सुख होतं ते.

"भिंतीच्या रंगाचं मुद्दाम विचारलंत?"

"बाबांनी परवापासून एकच लावलं होतं. कऱ्हाडात एक मुलगी आहे, तिनं बोट लावलं ते झाकणावर दिसलंच नाही. ऑफिसातली मुलगी बघायला कशाला जायचं, त्या दुकानात जाऊन विचारू, असंही म्हणून झालं एकदा. मग आज तुम्ही कप दिलात आणि बाबांचा चेहरा बघितला. नखं बघितली." त्यानं एक मोठा पापुद्रा काढून उन्हात धरला. "दुधातलं पाणी ओळखतो मी. एवढं कळायला काय?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही दोघं इतकं मन लावून लपवत होता, की मोडवेना."

बंपर झाले. आरसे झाले. मग एकेक दार. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या. तो दुधाच्या फॅटबद्दल बोलत होता, मी लाल रंग सगळ्यात आधी का विटतो ते सांगत होते. प्रेमाची बोलणी म्हणून कोणी ऐकली असती तर डोकं धरलं असतं. मागच्या डाव्या दाराच्या हँडलपाशी आमचे हात जवळजवळ आले, आणि त्याच वेळी आईनं हाक मारली, "हेमा, पानं घेतली!"

ते हँडल राहून गेलं.

सोमवारी पुण्याहून प्रायमर आला. मी फोन करून सांगितलं, की आता गाडी घेऊन या, नीट पक्कं करून देते. मामा, म्हणजे माझे सासरे, लग्नाआधीच मी त्यांना मामा म्हणायला लागले होते, ते म्हणाले, "राहू दे. काळीच बरी. चिखल दिसत नाही." त्याच गाडीतून मी आष्ट्याला सासरी गेले. त्याच गाडीतून सांगलीच्या दुकानात जायला स्टँडवर सोडायला ते रोज यायचे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "ही रंगाच्या दुकानात असते. एसी नाही बरं का."

ते राहिलेलं हँडल मात्र तसंच राहिलं. प्रायमर नाही, काही नाही. माझ्या शिक्षणाप्रमाणे त्यानं पहिल्या दसऱ्यापर्यंत साल टाकायला हवं होतं. तात्या तर दर भेटीला त्या गाडीवर पंप मारायचे. पोरांनी ओढलं, उन्हात तापलं, बाकीची गाडी विटत गेली तसं तेही तिच्याबरोबर विटत गेलं. पण सुटलं नाही. मी कितीदा वाकून बघितलं असेल. कड कुठं सुटलेली सापडायची नाही. बाबालालला विचारलं, तर तो म्हणाला, "मी मारलेलं आहे ताई, माझं नाव सांग." आता त्याला नाव सांगायचं होतं.

गेल्या वर्षी गाडी विकायला काढली. वाळव्याचा एक तरुण बघायला आला. बॉनेट उघडून झालं, टायर बघून झाले. मग तो गाडीभोवती फिरला आणि मागच्या दारापाशी थांबला.

"काका, सगळी हँडलं काळी, आणि हे एकच डाळिंबी? दार बदललंय काय? गाडी कुठं ठोकली होती?"

मामा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. मी त्यांच्या हातात चहा देत होते. नखांत त्या दिवशी कुठला तरी निळा होता.

त्यांनी कप घेतला, माझ्या नखांकडं पाहिलं आणि त्या तरुणाला ओरडून म्हणाले, "ठोकलीबिकली नाही रे. गाडी सगळी साधीच आहे. तेवढंच एक टॉप मॉडेल."